मेंकोच्या पाठीवरची दोन अक्षरे

माझ्याकडे जपानी पैलवानांच्या जुन्या, स्वस्त वस्तूंचा एक लहानसा संग्रह आहे. त्यातली सर्वांत खराब अवस्थेतली वस्तू या लेखाच्या मध्यभागी आहे. ती पुठ्ठ्याची एक गोल चकती आहे, बशीच्या खळग्याएवढी. कडा कापसासारख्या पिंजलेल्या. वर चित्र आहे ते काळी लांब घट्ट विजार घातलेल्या, उघड्या अंगाच्या, उजवा हात खांद्याच्या वर उगारलेल्या एका धिप्पाड माणसाचे. चेहऱ्याचा निम्मा भाग वरच्या कागदासकट निघून गेला आहे. एक डोळा आणि नाक नाहीच. तरीही 1950च्या दशकात जपानमध्ये लहान असलेला कोणीही हा माणूस कोण ते तत्काळ सांगेल. विजार आणि उगारलेला हात एवढ्यावरून रिकिदोझान ओळखू येतो.

या चकतीच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले आहे. सहा वर्षांपूर्वी मी एका व्याख्यानात त्या लिखाणाचा एक अर्थ ठासून सांगितला होता. पुढे तो एका छोट्या टिपणातही छापला. तो अर्थ चुकीचा होता, निदान त्याला पुरावा नव्हता. ते मागे घ्यायचे तर आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवे.

या चकतीला मेंको म्हणतात. हा जपानी मुलांचा, विशेषतः मुलग्यांचा जुना खेळ आहे. एकाने आपला मेंको जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने आपला त्याच्यावर किंवा त्याच्याशेजारी जोराने आपटायचा. हवेच्या झोताने किंवा धक्क्याने खालचा उलटला तर तो आपटणाऱ्याचा. एदो काळात हे मेंको भाजलेल्या मातीचे असत, मेजी काळात शिशाचे झाले, आणि शिशाच्या विषबाधेची भीती पसरल्यावर पुठ्ठ्याचे आले. पुठ्ठ्यावर छापता येते, त्यामुळे सामुराई, सेनापती, सुमो पैलवान, बेसबॉलपटू, सिनेनट असे ज्याचे जे चलनात असेल ते मेंकोवर आले. पाठीवर बहुधा दगड, कात्री किंवा कागद यांपैकी एक खूण असते, शिवाय एखादा लांबलचक आकडा. म्हणजे आपटण्याचा कंटाळा आला तर त्याच मेंकोने दुसरे खेळही खेळता येत. हे मिळायचे गल्लीतल्या दागाशियात, म्हणजे सुट्या गोळ्या-बिस्किटे आणि किरकोळ खेळणी विकणाऱ्या दुकानात. शाळेच्या वाटेवरचे आपल्याकडचे बोरे-चिंचा-गोळ्यांचे दुकान डोळ्यांपुढे आणले तर फारसे चुकणार नाही. माझ्या पिढीने काडेपेटीचे छाप जमवले आणि जिंकले-हरले. मेंकोचा खेळ त्याच जातीचा, फक्त मेंको मुद्दाम त्यासाठीच छापलेला असे.

या खेळाची एक बाजू समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेंको हे पाहण्यासाठी ठेवायचे चित्र नाही, ते आपटायचे चित्र आहे. ज्या नायकावर मुलाचे सर्वाधिक प्रेम, त्यालाच तो सर्वाधिक वेळा मातीत आपटणार. जड व्हावा, सपाट बसावा म्हणून मुले मेंकोला मेण चोळत. माझ्या चकतीवर असा एक पिवळसर थर अजून बोटाला लागतो.

आता रिकिदोझानविषयी. हा माणूस आधी सुमो पैलवान होता. सेकिवाके या वरच्या पदापर्यंत पोचून 1950 साली त्याने सुमो सोडला. दुसऱ्या वर्षी तो व्यावसायिक कुस्तीत उतरला. आपल्याकडे दारासिंग-किंगकाँगच्या जमान्यात जिला लोक फ्रीस्टाइल कुस्ती म्हणत आणि जाणकार नाक मुरडून नुरा कुस्ती म्हणत, तीच ही. 1953 साली त्याने स्वतःची कुस्ती संघटना उभी केली आणि 19 फेब्रुवारी 1954 रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये, प्रख्यात ज्युदोपटू मासाहिको किमुरा याला जोडीला घेऊन, तो शार्प बंधूंविरुद्ध उभा राहिला.

त्या वेळी जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. एनएचकेचे प्रक्षेपण 1 फेब्रुवारी 1953ला सुरू झाले, खासगी निप्पॉन टेलिव्हिजनचे त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर. देशी बनावटीच्या पहिल्या संचाची किंमत होती 1 लाख 75 हजार येन. साध्या कारकुनाचा दोन वर्षांचा पगारही तिला पुरला नसता. म्हणून निप्पॉन टेलिव्हिजनने चौकाचौकांत, रेल्वे स्थानकांसमोर उंच खांबांवर संच बसवले. शार्प बंधूंच्या लढतींच्या वेळी एकट्या शिम्बाशी स्थानकासमोर 20 हजार माणसे जमल्याचे सांगतात. त्यांची छायाचित्रे पाहिली तर पडदा दिसत नाही, टोप्या आणि माना दिसतात. लहान मूल त्या गर्दीत असेल तर त्याला काय दिसले असेल? वडिलांच्या खांद्यावर बसले नसेल तर पुढच्याची पाठ, आणि मध्येच उसळणारी आरोळी.

माझ्या मते मेंकोचे काम इथे सुरू होते. पडद्यावर न दिसलेली लढत मुलाला दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर, हातात धरता येईल अशी मिळत होती, तीही चिल्लर पैशांत. दागाशियातल्या या छापील मालाकडे इतिहासकार 'दूरचित्रवाणीचा उपपदार्थ' म्हणून पाहतात, त्यामुळे हे निसटते. निदान पहिली काही वर्षे, अनेक मुलांसाठी पुठ्ठा आधी होता आणि पडदा नंतर.

पुठ्ठ्यावर काय दिसते ते नीट पाहू. पैलवानांचे मेंको दोन प्रकारचे आढळतात, हाताने काढलेल्या चित्रांचे आणि छायाचित्रांवर रंग चढवलेले. माझ्याकडचे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. छपाई घाईची आहे. रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, त्यामुळे ओठांचा लाल रंग गालावर सरकलेला आणि विजारीचा काळा रंग रिंगणाच्या दोरावर सांडलेला. त्वचेचा गुलाबी रंग जपानी आणि परदेशी पैलवानांना एकच. हा समदर्शीपणा तत्त्वज्ञानातून आलेला नसून शाई वाचवण्यातून आला आहे. फरक केला आहे तो अंगस्थितीत. रिकिदोझान बहुधा समोरून, हात उगारलेला, पाय रोवलेला दिसतो. परदेशी पैलवान किंचित वाकलेला, वेडावाकडा चेहरा केलेला, छातीवरचे केस ठळक केलेले. 1955च्या नोव्हेंबरात रिकिदोझानने ज्याला हरवून आशियाई अजिंक्यपद मिळवले तो किंगकाँगही मेंकोवर आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ज्याला आपल्या आधीच्या पिढीने पाहिले तोच हा दाढीवाला. मुंबईत तो दारासिंगसमोरचा राक्षस होता, टोकियोत रिकिदोझानसमोरचा. एकाच माणसाने दोन देशांच्या नायकांना पडून पडून मोठे केले, आणि त्याचे स्वतःचे स्मारक म्हणाल तर माझ्याकडे आहे तेवढे: एक चौकोनी पुठ्ठा, कोपरा दुमडलेला.

या चित्रांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. युद्धात हरलेल्या देशातला बुटका पण चिवट माणूस धटिंगण अमेरिकनांना हाताच्या पात्याने लोळवतो. कथा प्रभावी आहे, पण तिच्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. शार्प बंधू अमेरिकन नव्हते. ते कॅनडातल्या हॅमिल्टनचे, धंदा अमेरिकेत करणारे. आणि रिकिदोझान जपानी नव्हता, म्हणजे जन्माने नव्हता. त्याचे जन्मनाव किम सिन-राक. आज उत्तर कोरियात असलेल्या हामग्योंग प्रांतात, कोरियावर जपानचे राज्य असताना तो जन्मला. अधिकृत कागदांवर त्याचे मूळ नागासाकी जिल्ह्यातले ओमुरा आणि आडनाव मोमोता झाले. तो जिवंत असेपर्यंत, आणि मेल्यावरही बरीच वर्षे, सर्वसाधारण जपानी चाहत्याला हे माहीत नव्हते. जपानमधल्या कोरियन कुटुंबांत मात्र ते दबक्या आवाजात माहीत होते.

म्हणजे वसाहतीतून आलेला एक माणूस वसाहत करणाऱ्या देशाचा अभिमान आपल्या हातावर पेलत होता आणि मुले त्याचे चित्र मातीत आपटत होती. हे एकदा कळले की प्रत्येक मेंकोत काहीतरी लपलेले दिसू लागते. संशोधकाला याच जागी मोह पडतो. मला पडला.

*

मोहाची गोष्ट सांगण्याआधी संग्राहकांच्या एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. जपानी छापील खेळण्यांच्या बाजारात सर्वाधिक मोल असते न खेळलेल्या मालाला. दुकानदाराकडे मेंको आणि ब्रोमाइड बरेचदा पुठ्ठ्याच्या तक्त्यावर, बंद कागदी पुड्यांत ओळीने लावलेले येत. मुलाने पैसे देऊन एक पुडी ओढायची, आत काय निघेल ते नशिबावर. एखादे दुकान बंद पडले की असा एखादा तक्ता अर्धा भरलेला सापडतो आणि त्याची किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेर जाते. 'न हाताळलेला' हा शब्द या व्यवहारात शुद्धतेच्या अर्थाने वापरतात.

मला हे कधीच पटले नाही. टपाल तिकिटांच्या जगातून उचललेले हे माप मेंकोला लावणे म्हणजे न वाजवलेली ढोलकी उत्तम ठरवण्यासारखे आहे. न विकला गेलेला मेंको आपल्याला छापखान्याविषयी सांगतो. मुलांविषयी तो एवढेच सांगतो की हा कोणाच्या हाती लागला नाही. झिजलेल्या मेंकोवरून मात्र कोणती बाजू जास्त घासली गेली, मेण कुठे चोळले, कुठला पैलवान जपून ठेवला आणि कुठला बिनदिक्कत वापरला, हे वाचता येते. माझ्याकडच्या अवघ्या चाळीसेक नगांवरून नियम काढणे धाडसाचे आहे. तरी त्यात परदेशी खलनायकांच्या कडा रिकिदोझानपेक्षा चांगल्या राहिल्या आहेत, हे मला नोंदवावेसे वाटते. मुलांनी नायकाला जास्त आपटले.

या मतामागे थोडा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. झिजलेले मेंको स्वस्त असतात. एकदाच मी मतापासून ढळलो आणि सहा 'कोऱ्या' मेंकोंचा संच मध्यस्थामार्फत मागवला. सीमाशुल्क धरून तो मला महिन्याच्या किराण्याहून महाग पडला. पाकीट उघडताच वास आला नाही. जुन्या पुठ्ठ्याला आंबूस, गवतासारखा वास असतो. भिंगाखाली पाहिले तर ठिपक्यांची जाळी एकसारखी, बारीक आणि आधुनिक, आणि त्या जाळीत जुन्या छपाईची जाडी जाळी अडकलेली, म्हणजे छापलेल्या चित्राचे पुन्हा छायाचित्र घेऊन केलेली छपाई. पाठीमागची कात्रीची खूण सहाही मेंकोंवर नेमक्या त्याच जागी तुटलेली होती. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणत नाही. वर्णनात 'जुन्या धाटणीचा' असा शब्द होता, मी तो 'जुना' असा वाचला होता.

अशा पुनर्छपाया होतात कारण जपानमध्ये 1950च्या दशकाविषयीचा हळवेपणा हा एक स्वतंत्र धंदा आहे. शिन-योकोहामातल्या रामेन संग्रहालयाने 1994 साली तळघरात 1958ची अख्खी गल्ली उभारली, दागाशियासकट. 2005च्या 'ऑलवेज' या लोकप्रिय चित्रपटात शेजारी नव्या दूरचित्रवाणी संचाभोवती रिकिदोझानची कुस्ती पाहायला जमतात, तो प्रसंग कोणाही जपानी माणसाला पाठ असतो. चित्रपट गोड आहे, मी दोनदा पाहिला. पण त्यातला रिकिदोझान सगळ्या गल्लीला एकत्र आणणारा मामा झाला आहे. प्रत्यक्षातला रिकिदोझान 22 डिसेंबर 1954 रोजी, बरोबरी ठरलेली असताना, दहा महिन्यांपूर्वीचा आपला जोडीदार किमुरा याच्यावर खरोखरचे प्रहार करून त्याला आडवा करणारा होता. निदान किमुराची बाजू तशी आहे. 8 डिसेंबर 1963 रोजी आकासाकाच्या एका नाइट क्लबमध्ये एका गुंडाने त्याला भोसकले आणि आठवड्याभराने तो मेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डिस्ट्रॉयरविरुद्धची त्याची लढत जपानमधल्या 64 टक्के घरांत पाहिली गेली होती. तोवर संच घरोघर आले होते. पडदा आता पुठ्ठ्याच्या आधी पोचत होता.

*

माझ्या मेंकोच्या पाठीवर, कात्रीच्या खुणेच्या खाली, पेन्सिलीने काताकाना लिपीत दोन अक्षरे आहेत: 'कि' आणि 'मु'. अक्षर मुलाचे आहे, मोठे, दाबून लिहिलेले. जपानी भाषेत व्यंजनान्त शब्दाला शेवटी स्वर जोडावा लागतो, त्यामुळे 'किम' हे कोरियन आडनाव काताकानात 'किमु' असेच लिहितात. आणि किम हे रिकिदोझानचे खरे आडनाव.

माझी तेव्हाची अवस्था वाचकांनी समजून घ्यावी. जपानी मी पुस्तकांवरून आणि ध्वनिफितींवरून शिकलो. लिपी वाचतो, वाक्य शब्दकोश घेऊन लावतो. कोणत्याही विद्यापीठाचे दार मला उघडे नव्हते, आणि वीस वर्षे जमवलेल्या या पुठ्ठ्यांतून आपण एखादी खरी गोष्ट शोधून काढू ही आशा होती. ती गोष्ट हातात आली असे वाटले. मी मांडणी केली: हा मेंको एका कोरियन मुलाचा आहे. सगळ्या गल्लीचा नायक आपला आहे हे त्याला घरी कळले आहे आणि बाहेर बोलायचे नाही असेही बजावले आहे. म्हणून त्याने चित्राच्या मागे, कोणी पाहणार नाही अशा जागी, नाव लिहिले. ते नाव त्याचे असेल किंवा रिकिदोझानचे, दोन्ही एकच. व्याख्यानाला चाळीस माणसे होती आणि हे सांगताना सभागृहात शांतता पसरली. त्या शांततेने माझे नुकसान केले.

टिपण छापून आल्यावर जपानी शिकवणाऱ्या एका बाईंनी फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिला, 1950च्या दशकात जपानमधल्या कोरियन मुलांना शाळेत काय नावाने ओळखत? बहुतेकांना जपानी धाटणीचे दुसरे नाव असे, कानेदा, कानेमोतो असे. दुसरा, मूळ आडनाव वापरलेच तर त्या काळी त्या चिन्हाचा उच्चार कसा करत? जपानी वळणाने, 'किन' असा. कोरियन उच्चार 'किम' जपानमध्ये रुळला तो पुष्कळ नंतर. तिसरा प्रश्न विचारताना त्या जरा थांबल्या. "दुसऱ्या अक्षरानंतर पुठ्ठा शाबूत आहे का?"

नव्हता. दुसऱ्या अक्षराला लागूनच कड सुरू होते आणि ती कड पिंजलेली आहे. मी दिवा आडवा धरून, वीसपट भिंगाखाली पाहिले. 'मु'च्या उजवीकडे, जिथे कागदाचा वरचा थर उडाला आहे तिथे, पेन्सिलीच्या दाबाची एक आडवी खाच खालच्या थरात उमटलेली आहे. काताकानातल्या 'रा'ची सुरुवात अशाच आडव्या रेघेने होते. आणखीही बऱ्याच अक्षरांची होते, पण 'किमु'च्या पुढे 'रा' आले की जपानमधले अत्यंत सामान्य असे एक आडनाव तयार होते: किमुरा.

"तुम्ही ठरवून वाचलंत," त्या एवढेच म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. तिसरी रेघ मी आधीही पाहिली असणार. शंभर वेळा तरी तो मेंको हाताळला होता. पण पाहिलेली गोष्ट नोंदवली नाही.

काही मित्रांनी सुचवले की आता किमुराचीच कथा करावी: रिकिदोझानच्या चित्रामागे त्याने पाडलेल्या माणसाचे नाव! हे तर आणखी वाईट. मालकाने आपले आडनाव लिहिले, एवढाच सर्वांत साधा अर्थ निघतो. मेंको जिंकले-हरले जात, भांडणे होत, म्हणून मुले त्यावर नावे टाकत. नायकाचे गुपित आणि चाहत्याचे नाव यांचा मेळ बसवायची घाई मला होती, मुलाला नव्हती. रिकिदोझानचा कोरियन जन्म मेंकोवर नाही. तो कुठल्याच मेंकोवर नाही, आणि नसणे हाच या वस्तूंचा त्याविषयीचा पुरावा आहे. याहून पुढे पुठ्ठा मला नेत नाही.

*

रिकिदोझाननंतरच्या मालाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तो मला कमी बोलका वाटतो, पण एक अपवाद आहे. 1972 साली त्याच्या दोन शिष्यांनी वेगवेगळ्या चुली मांडल्या. अंतोनिओ इनोकीने न्यू जपान आणि शोहेइ ऊर्फ जायंट बाबाने ऑल जपान. इनोकीचा लाल टॉवेल आजही विकला जातो. माझ्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही. रंग आणि घोषणा. बाबाची गोष्ट निराळी. 209 सेंटिमीटर उंचीचा हा एकेकाळचा बेसबॉल गोलंदाज, संघटनेचा मालक असूनही, कुस्तीच्या सभागृहात मालाच्या टेबलामागे स्वतः सिगार ओढत बसे आणि विकत घेतलेल्या वस्तूंवर सही करून देई. मेंकोवरचा नायक मुलाला कधी भेटत नव्हता. बाबाच्या टेबलावर वस्तू हे भेटीचे निमित्त झाले आणि सही ही पावती. त्याच्या सहीच्या वस्तू विपुल आहेत, म्हणून संग्राहक त्यांना फारसे विचारत नाहीत. मी विचारतो.

मुखवट्यांची परंपरा स्वतंत्र लेख मागते. डिस्ट्रॉयरने सुरुवातीचा मुखवटा बायकांच्या गर्डलच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा केला होता. मेक्सिकोचा मिल मास्कारास मुखवट्यावर दुसरा मुखवटा घालून येई आणि वरचा प्रेक्षकांत भिरकावी. फुकट मिळालेली ती वस्तू आज विकतच्या कुठल्याही मालाहून महाग आहे. टायगर मास्क तर आधी कागदावर जन्मला. इक्की काजिवारा आणि नाओकी त्सुजी यांची मांगा 1968ची, तिचा नायक नाओतो दाते अनाथालयात वाढलेला आणि कुस्तीची कमाई अनाथ मुलांना देणारा. 23 एप्रिल 1981 रोजी सातोरु सायामा तोच मुखवटा घालून कुरामाएत डायनामाइट किडसमोर उतरला. मुखवटा घाईने शिवलेला, ओबडधोबड होता आणि पहिल्या क्षणी प्रेक्षक हसले. सायामाची पहिली उडी पाहिल्यावर हसणे थांबले. पुढे 2010च्या नाताळात गुन्मा जिल्ह्यातल्या मायेबाशी इथल्या बाल-सल्ला केंद्राच्या दारात कोणीतरी दहा शाळकरी दप्तरे ठेवून गेले, पाठवणाऱ्याचे नाव 'नाओतो दाते'. त्यानंतर देशभर अशा शेकडो भेटी आल्या. संग्राहकांच्या सूचीत ती दप्तरे येत नाहीत. माझ्या मते पैलवानाच्या नावाने फिरलेल्या वस्तूंच्या इतिहासात त्यांची नोंद व्हायला हवी.

आणि किनकेशी. 1979 साली सुरू झालेल्या 'किन्निकुमान' या विनोदी कुस्ती-मांगातली पात्रे, बांदाई कंपनीने बोटाच्या पेराएवढी, एकरंगी, नाणे टाकायच्या यंत्रांतून विकली. 418 नमुने निघाले आणि एकूण 18 कोटी विकले गेले असे सांगतात. नाव खोडरबराचे आहे, पण त्यांनी काही खोडले जात नाही, कागद काळा होतो. यातले कितीतरी पैलवान वाचक मुलांनीच पोस्टकार्डावर काढून पाठवले होते. इथे नायकामागे माणूसच उरत नाही, म्हणून लपवायलाही काही नाही. संग्राहकांचे यावर जिवापाड प्रेम आहे. मला ती नुसती गोड वाटतात. हा माझ्या वयाचाही दोष असेल.

*

लोक विचारतात, कोल्हापूर-सांगलीच्या मातीतल्या माणसाने जपानी पैलवानांचे पुठ्ठे का जमवावेत? उत्तर सरळ आहे: आपले मिळत नाहीत म्हणून. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीइला मिळाले आणि कांस्य आपल्या खाशाबा जाधवांना. खाशाबांच्या मिरवणुकीच्या आठवणी आहेत, पण त्या काळी त्यांचे चित्र असलेली काडेपेटी, वहीचे कव्हर, मुलांच्या खिशात मावणारी एखादी वस्तू मी पुष्कळ शोधली आणि मला मिळाली नाही. 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानावर झालेल्या जंगी कुस्त्यांची हँडबिले लाखांनी छापली गेली असतील. माझ्याकडे तीन आहेत. दोन रद्दीवाल्याकडून, एक वाळवी लागलेल्या फ्रेमच्या पाठीला चिकटवलेले होते, ते पाण्याच्या वाफेने सोडवावे लागले. त्यावर जोड्यांची नावे आहेत, इनामाचे आकडे आहेत; वर्ष नाही, कारण छापणाऱ्याला ते पुढच्या आठवड्यापुरतेच हवे होते.

मेंको मी आता एका पारदर्शक पाकिटात ठेवला आहे, चित्र खाली आणि पाठ वर. सोबतच्या चिठ्ठीवर पूर्वी 'कोरियन मुलाचा मेंको, टोकियो?, 1955च्या सुमारास' असे लिहिले होते. ती चिठ्ठी फेकली नाही, मागे तशीच आहे. नव्या चिठ्ठीवर लिहिले आहे: 'रिकिदोझान, गोल, कात्री. पाठीवर पेन्सिलीने कि, मु, आणि एक आडवी रेघ.'